डॉसवर नेलेलं गाठोडं

डॉसकडे मी कायम नाक मुरडून पाहिलं. फाइलीला आठ अक्षरांपेक्षा मोठं नाव ठेवू न देणारी ती कॉम्प्युटरची जुनी व्यवस्था आणि अजून तिच्यावर धंदा करणारी माणसं, दोघांचीही मला सारखीच कीव यायची.

तशी माणसं इंद्रलोक वसाहतीतल्या माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, काशीमीऱ्याला निघाली. ट्रकच्या बॉडीसाठी पत्रे कापून देणारं वर्कशॉप. कापायचं मशीन एका पिवळट पडलेल्या डॉसच्या कॉम्प्युटरवर चालायचं आणि कॉम्प्युटर मालकाच्या बायकोवर. इतक्या वर्षांची सगळी ड्रॉइंगं वहिनींनीच काढलेली. आता हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली होती. ती गेली की ड्रॉइंगं गेली.

मी पोचलो तेव्हा वहिनी एकेक फाइल फ्लॉपीवर उतरवत होत्या, नावांच्या क्रमाने. एम अक्षरापर्यंत आल्या होत्या.

"हे थांबवा," मी म्हटलं. "असं कोण करतं? युनिक्स म्हणून दुसरी सिस्टिम असते, तिच्यावर यासाठी फक्कड प्रोग्रॅम आहे. सगळ्या फाइली दाबून त्यांचं एकच घट्ट गाठोडं बांधतो. तो मी डॉसवर आणतो."

"किती दिवस?"

"दोन."

लागले सोळा. हाच प्रोग्रॅम कोणीतरी आधीच डॉसवर आणून फुकट ठेवला होता, हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याचं उष्टं खाईन तर मी कसला. डॉसचा कंपायलर मूळ कोडच्या ओळीओळीला अडत होता आणि मी घरात बसून त्याच्या सात पिढ्या उद्धारत होतो. मधेच वहिनींचा फोन यायचा, "भाऊजी, आवाज वाढलाय."

"वाढू द्या. हात लावू नका."

शेवटी चाललं. फक्त प्रोग्रॅम जवळजवळ दर फाइलीला कुरकुरायचा, की फाइल अपेक्षेपेक्षा लवकर संपली, उरलेली जागा शून्यांनी भरली. डॉसची खोड, दुसरं काय, म्हणून मी ती तक्रारच कोडमधून काढून टाकली. यादीत आकार तंतोतंत जुळले. सगळं एकाच फ्लॉपीत मावलं. वहिनींना एमपर्यंतच डबाभर फ्लॉप्या लागल्या होत्या.

"एखादं उघडून बघायचं का?" त्यांनी विचारलं.

"आकार जुळलेत ना," मी म्हटलं, लहान मुलाला समजावतात त्या आवाजात.

चार दिवसांनी डिस्क गेली. नव्या डिस्कवर गाठोडं सोडलं. प्रत्येक ड्रॉइंगात वरच्या दोनचार रेघा, खाली नुसती शून्यं. फाइल मजकूर म्हणून वाचताना एक ठरावीक चिन्ह दिसलं की डॉसच्या लेखी फाइल संपली. ड्रॉइंगांत ते चिन्ह जागोजाग होतं. 'मजकूर समजू नकोस, जशीच्या तशी वाच' एवढं सांगायचं काम माझं. मी चाचणी घेतली ती फक्त मजकुराच्या फाइलींवर. प्रोग्रॅम बिचारा ओरडून सांगत होता, त्याचं तोंड मीच दाबलं.

मालक एवढंच म्हणाला, "शिकलेला माणूस, म्हटलं असेल काहीतरी."

एमपर्यंतची ड्रॉइंगं फ्लॉप्यांवर शाबूत आहेत. पुढच्यांसाठी, त्यांच्या पत्र्याचा एखादा जुना ट्रक हायवेवरच्या गॅरेजला लागला की मला फोन येतो. वहिनी मापं घेऊन वहीत लिहितात, मी टेपचं टोक धरतो. परवा एका टेम्पोखाली वाकलो होतो.

"टोक काठावर आहे ना, भाऊजी? की आकार जुळला म्हणून सोडलंत?"

मी परत बघितलं. दोन सूत सरकलं होतं.