सशाला उपास नसतो

"सुलू गेली. शेवटपर्यंत कुणाला कसला त्रास दिला नाय बघ," वसंतदादा फोनवर म्हणाला. सुलूचा सख्खा भाऊ. मी पालघरच्या घरी मेथी निवडत होते, जुडी हातात तशीच राहिली. रडू यायच्या आधी मला त्या वाक्याचाच संताप आला, आणि आता काही आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही. त्रास दिला नाही म्हणे. अगं, द्यायचा होतास ना... घर डोक्यावर घ्यायचं होतंस.

सुलभा आणि मी चिंचणीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी लग्न होऊन पालघरला आले, तिनं लग्न केलं नाही, ती भावाच्या घरीच राहिली. घरामागे चिकूची वाडी, वाडीकडच्या पडवीत तिचे ससे. ते तिनं हौसेनं आणलेले नव्हते. बोईसरच्या कॉलन्यांमधली माणसं पोरांच्या हट्टापायी ससा घेतात, त्याला बिस्किटं चारतात, आणि हौस फिटली की कुणाच्या तरी गळ्यात मारतात. सुलूचा गळा कायम तयार. सकाळी चहाच्याही आधी ती पिंजऱ्याखालचा पत्रा ओढून काढायची आणि उकिडवी बसून लेंड्या बघायची. टपोऱ्या, गोल, कोरड्या असल्या की स्वारी खूश. बारीक झालेल्या, केसांत माळेसारख्या ओवलेल्या, किंवा पत्रा कोराच, की हिचा चेहरा पडलाच. "लोक सकाळी उठून देवाचं तोंड बघतात, तू हे बघ," असं मी चिडवायची. ती म्हणायची, "दुखलं तरी ससा ओरडत नाय गं. लपवतो. मग कळायचं कसं? ह्याच्यावरनंच."

एकदा मी तिथं असताना बोईसरहून कारखान्यातला एक कामगार रिक्षा करून खोक्यात पांढरा ससा घेऊन आला. ससा कोपऱ्यात पाठ फुगवून गोळा होऊन बसलेला, कान थंड, दात करकर वाजवत होता. तो माणूस मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "पेट खराब है दीदी, इसलिए कल से खाना बंद रखा है। अपने आप ठीक हो जाएगा।" सुलू कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशी चढवला. "सशाला उपास नसतो, भाऊ. त्याचं आतडं सारखं चालत राह्यलं पायजे. तो जेवला नाय म्हंजे आजारी हाय, आणि आजच्या आज डॉक्टर पायजे." त्याला किती कळलं कोण जाणे. तोवर हिनं सशाला जुन्या साडीत गुंडाळलंसुद्धा होतं. त्याच रिक्षानं आम्ही बोईसरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला, आत काही अडकलेलं नाही याची खात्री केली, मग दुखण्यावर इंजेक्शन दिलं, सलाइन टोचलं. आतड्यात अडलेलं असताना बळेच भरवलं तर जीव जातो, असं त्यांनी बजावलं. नंतर त्यांनी सांगितल्यावर सुलूनं बिनसुईच्या पिचकारीतून त्याला पातळ खाणं भरवलं, घोटघोट, त्याच्या कलानं. ससा वाचला. मालक परत फिरकला नाही. सुलूनं त्याचं नाव मोती ठेवलं.

आणि ही बाई स्वतः काय करायची? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. त्या घरात सुलूचं ताट मांडलं नाही तर कुणाच्या भुवया वर जात नसत. बाई जेवली नाही की तिचा उपास असणार, एवढा साधा हिशोब. गेल्या वर्षभरात उपास वाढत गेले. मी गेले की ती पडवीच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसायची. ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता. "आज कसला उपास?" मी विचारायची. "हाय एक," म्हणून ती हसायची. मी डॉक्टरचं नाव काढलं की हिला नेमकी मोतीची नखं कापायची असत. मग मी वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं सगळं देवाधर्माचं. आमी मधे बोलत नाय." दादाला सांगितलं, तिला डॉक्टरकडे नेण्याची विनवणी केली. तो म्हणाला, "तिचं पित्त हाय, जुनं." भांडले, तर मला म्हणाला, "तू पावनी हायस, जेवून जा."

शेवटी ती पडवीतच कोसळली तेव्हा नेलं. मी पोचले तेव्हा इस्पितळातले डॉक्टर विचारत होते, "यांचं जेवण कधीपासून बंद आहे?" दादानं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भिंतीकडे. आतड्यात गाठ होती, वाट जवळजवळ बंद झाली होती. आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

तेराव्याला तिच्या आवडीचं सगळं केलं होतं. अळूवडी, पुरणपोळी, वर तुपाची धार. पंगतीत बायका म्हणत होत्या, काय कडक उपास असायचे हो सुलूताईंचे, दुखण्यातसुद्धा एक मोडला नाही. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी पुरणपोळी न मोडताच पान पुढे सारलं. मी पानावरून उठले तर कुणीतरी हळूच विचारलं, "आज तुमचा उपास का?"

बाकीचे ससे वाडीवाडीत वाटले गेले. मोतीला मी पालघरला आणलं, पत्र्यासकट. आता चहाच्या आधी मी उकिडवी बसते. गेल्या आठवड्यात पत्रा कोरा निघाला. गवत तसंच पडलेलं, मोती कोपऱ्यात पाठ फुगवून. चहा न घेताच त्याला साडीत गुंडाळून बोईसर गाठलं. तेच डॉक्टर. पोट चाचपता चाचपता त्यांनी विचारलं, "खाणं कधीपासून बंद आहे?"

"रात्री खाल्लं होतं. सकाळपासून बंद आहे."

"वेळेवर आणलंत," ते म्हणाले.

मोती सुधारला. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर लेंड्या पडल्या, बारीक, पण पडल्या. आनंद झाला असं लिहायला हवं. मी पत्र्यापुढे बसून मोठ्यानं रडले. एवढा एकच प्रश्न होता, सुलू, आणि तुझ्या घरात त्याचं उत्तर कुणाला देता आलं नाही.