पारावर वाचलेली पत्रं

आमच्या गावाला फौजीला विचारायला एकच प्रश्न सुचतो. "किती मारले?" आजही कुणी सुट्टीवर आलं की हेच. अरे मेल्यांनो, आधी जेवलास का म्हणून तरी विचारा!

आमचे हे फौजेत होते. लग्नाला वरीस होतंय न होतंय तोच त्यांची पलटण श्रीलंकेत धाडली. तिथं एकाच देशातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती आणि आमच्या माणसांनी मधे पडून शांतता करायची होती. मी इकडं फुलंब्रीजवळच्या गावात, सासरी.

पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावानं. रीतच होती तशी. बायकोच्या नावानं पत्र टाकणारा म्हणजे बायकोचा बैल. माझ्या वाट्याला शेवटची एक ओळ, "घरच्या मंडळींना काळजी करू नका म्हणावं." सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा पत्र घेऊन सरळ पारावर जायचे, चष्मा लावायचे आणि माणसं जमली की मोठ्यानं वाचायचे. घर पारासमोरच, मी दाराआडून ऐकायची. पोरानं एकट्यानं चौघांना लोळवलं, साहेबानं पाठ थोपटली, जेवणात रोज मटण. गाव वाहवा करायचं.

मग पत्र देव्हाऱ्यामागं जायचं. घरातली सून सातवी शिकलीय हे मामा विसरत असतील, नाहीतर तिच्या तोंडाला कुलूप आहे असं धरून चालत असतील. भाकरी टाकता टाकता मी ते वाचायची. त्यात मटण नव्हतं. ह्यांनी लिहिलं होतं, पाय कुजलेत, बूट काढायला मिळत नाही. दिवसा हात जोडणारा माणूस दिवेलागणीला गोळी घालतो, कोण कुणाचा तेच कळत नाही. जमिनीत सुरुंग पुरलेत. माती उकरलेली दिसली की तिथं पाय टाकायचा नाही, पुढच्या गड्याच्या ठशावरच पाय द्यायचा. खुलताबादकडचा जोडीदार जरा बाजूला गेला. "त्याचा बूट मी उचलून आणला, बूट रिकामा नव्हता." आणि खाली लिहिलं होतं, "बाबा, हे गावात वाचा. म्हणजे मी आल्यावर कुणी काही विचारणार नाही."

पोरगं हात जोडून सांगतंय, वाचा. आणि बाप पारावर मटण वाढतोय!

मामा असं का करायचे तेही मला ठाऊक होतं. रझाकारांच्या काळात ते लहान होते, आईनं त्यांना धान्याच्या कणगीत लपवलं होतं. एवढ्याशा पोरानं दुसरं करायचं तरी काय? पण गाव त्यांना केस पिकले तरी त्यावरून चिडवायचं. म्हणून पोराला शूर करायचं होतं. असेल. पण त्याची किंमत माझ्या नवऱ्यानं का मोजावी?

हे सुट्टीवर आले ते ऐन नांगरटीत. दुसऱ्या दिवशी मामांनी औत धरायला सांगितलं. हे बांधापर्यंत गेले आणि थांबले. समोर उकरलेलं रान. पाय काही उचलेना, अंगातला सदरा घामानं भिजला. शेजारच्या रानातले दात काढत म्हणाले, "काय फौजी, मातीला भेता व्हय?"

संध्याकाळी पारावर तीच चर्चा. मामांनी पोराची बाजू घ्यावी की नाही? नाही! म्हणाले, "फौजेत बसून खाऊन लई आळशी झालाय." हे ओट्यावर बसून ऐकत होते, मान खाली घालून.

माझं डोकंच फिरलं. देव्हाऱ्यामागची सगळी पत्रं काढली, पदर सारखा केला आणि पारावर जाऊन उभी राहिले. तिथं बाई कधी चढली नव्हती.

"सूनबाई, घरात जा," मामा म्हणाले.

"नाय जात. तुम्ही वाचलं ते लई ऐकलं. आता ह्यांनी लिहिलंय ते ऐकू द्या लोकांना."

कुजलेले पाय वाचले, उकरलेली माती वाचली, बूट वाचला. "बाबा, हे गावात वाचा" तेही वाचलं. मग म्हटलं, "आता विचारा की किती मारले! विचारा ना, दातखीळ बसली का?" मामा उठून घरात गेले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

सकाळी ते ह्यांना घेऊन रानात निघाले. मी न्याहारी घेऊन मागोमाग गेले. बांधावर मामांनी वहाणा काढल्या आणि अनवाणी नांगरटीत उतरले. या बांधापासून त्या बांधापर्यंत गेले, परत आले. ढेकळं टोचून म्हातारं लंगडायला लागलं, तरी पुन्हा गेलं. मग ह्यांच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"माझ्या ठशावर पाय दे," म्हणाले. "मी पुढं हाय."

लई वेळानं ह्यांनी पाय उचलला.

शेजारच्या रानात कालचेच दात काढणारे बघत उभे होते. मी हाताला आलं ते ढेकूळ उचलून त्यांच्याकडं भिरकावलं. "तमाशा हाय का इथं?" तसे पांगले.

तोवर बापलेक अर्ध्या रानात पोचले होते. पुढं मामांचे खांदे हलताना दिसले. रडू दे, म्हटलं. पहिलं पत्र आलं तेव्हाच रडायला पाहिजे होतं.