नंतरचा फोटो

आमच्या शेजारचे श्यामसुंदर खानोलकर मूळचे वेंगुर्ल्याचे, बदलीवर चंदीगडला आलेले सरकारी इंजिनिअर. दिल्लीच्या नव्या धोरणात लिहिलं होतं की पूर निसर्गाच्याच मदतीने अडवा. ते वाचून हा माणूस खरोखर खूश झाला, तिथेच चुकलं.

डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला इथे चो म्हणतात. एरवी कोरडा, पावसात बेफाम. त्याच्या काठचं गवताळ रान मोकळं राहिलं तर पाणी तिथे पसरेल, मुरेल, म्हणून खानोलकरांनी रानाला कुणाला हात लावू दिला नाही आणि वर्षाअखेर अहवाल पाठवला. कामाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो जोडायचा नियम होता. दोन्ही फोटोंत तेच गवत. ‘काम दिसत नाही’ असा शेरा मारून अहवाल परत आला.

पुढच्या बदलीआधी काहीतरी पुरं झालेलं दाखवणं भाग होतं. त्यांनी ओढा आणि रान यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत सुचवली. ती लगेच मंजूर झाली आणि पावसाआधी उभीही राहिली.

यंदा पाण्याला पसरायला जागाच उरली नाही. ते समोरच्या काठावरच्या मजूरवस्तीत शिरलं. खानोलकरांकडे पोळ्या करणारी सरोज तिथेच राहायची. ती आणि तिची सासू ओढ्याच्या प्रवाहात खूप खाली, गाळात मेलेल्या सापडल्या.

त्याच आठवड्यात वरून स्मरणपत्र आलं, नंतरचा फोटो बाकी आहे. खानोलकर जाऊन काढून आले. मी पाहिलाय तो. भिंत धडधाकट, पलीकडे वस्तीच्या जागी नुसता चिखल.

या वेळी शेरा चांगला होता. ‘काम स्पष्ट दिसते.’