एकाला आठ

बायकांच्या धावण्याच्या शर्यतीतलं मेडशीत कुणाला काही कळत असेल तर ते वर्षाराणीला. आणि तिला ते कळतं, हे दुर्दैवाने तिच्या दिराला ठाऊक होतं.

देवानंदचं एसटी स्टँडवर मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज हा दाखवायचा धंदा, खरा धंदा सट्ट्याचा. क्रिकेटचा भाव काय, शेंबडं पोरगंही सांगतं. पण बायकांच्या आठशे मीटरमध्ये कोण पहिली येणार? तिथे सगळेच आंधळे, चेहरा बघून नाहीतर राज्याचं नाव बघून पैसे लावणारे. एकदा वर्षाराणी टीव्हीसमोर डाळ निवडत बसली होती आणि सहज बोलून गेली, "ते निळ्या कपड्यातली आता मांगं पडते. पाय पाहा तिचे." निळी खरंच शेवटच्या शंभर मीटरमध्ये ढेपाळली. त्या दिवसापासून देवानंदने वहिनीला देवघरात बसवायचंच काय ते बाकी ठेवलं. प्रत्येक अजिंक्यपद स्पर्धेआधी तो विचारायचा, ती सांगायची आणि तो भाव काढायचा. एकाला दोन म्हणजे जवळजवळ नक्की येणारी. एकाला आठ म्हणजे येणं कठीण, पण आली तर लावणाऱ्याला आठपट.

ती सांगायची कशाला? तर शेततळ्यासाठी. वर्षाराणी शाळेत असताना राज्यापर्यंत धावलेली. लग्नानंतर स्वतःचं धावणं संपलं, पण गावातल्या अकरा पोरींना ती रोज सकाळी धावायला शिकवायची, आणि गावात मैदान म्हणावं असं काही नव्हतं. होता तो देवानंदच्या शेततळ्याचा बांध. सहा फेऱ्या मारल्या की आठशे मीटर. जागा त्याची, पोरींचे बूटही त्यानेच घेतलेले. माणूस वाईट नव्हता हो, तिथेच तर सगळी पंचाईत होती.

बांध अरुंद होता. एका बाजूला तळ्याचं निसरडं प्लास्टिक आणि पाणी, दुसऱ्या बाजूला सोयाबीन. पहिल्याच वर्षी पुढे घुसायच्या नादात एक पोरगी पाण्यात गेली, तेव्हा वर्षाराणीने नियम घातला. मागचीने "वाट!" म्हणायचं आणि पुढचीने निमूट बाजूला व्हायचं. पोरींच्या ते इतकं अंगवळणी पडलं की बाजारातही एकमेकींना "वाट" म्हणून खिदळायच्या.

त्यातलीच रूपाली. रिठदची, पण मेडशीला मामाकडे राहणारी. तिच्या पायात काहीतरी वेगळंच होतं. यंदा ती थेट राष्ट्रीय स्पर्धेत पोचली आणि जिल्हाभर तिचे फोटो मोबाइलवर फिरू लागले.

उपांत्य फेरी वर्षाराणीने मोबाइलवर पाहिली. रूपाली एका दमलेल्या पोरीच्या मागे आतल्या कडेला अडकून पडली होती, अंगात ताकद असून. ती वाट मिळायची वाट बघत होती! वेळ चांगली लागली म्हणून अंतिम फेरीत आली इतकंच. ही चूक आपण शिकवलेली आहे, हे वर्षाराणीला तिथेच कळलं.

देवानंदने विचारलं तेव्हा ती खरं तेच बोलली. "चौथी येईल. अडकते ते."

झालं! देवानंदने एकाला आठ भाव काढला, आणि आपली पोरगी म्हणून वाशीमपासून रिसोडपर्यंत लोकांनी रूपालीवर पैसे ओतले. ते सगळे त्याने घेतले. ती जिंकली तर त्याला तळ्यासकट शेत विकावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शर्यतीच्या तासभर आधी, रूपालीचा फोन आला. देवानंद ओसरीवरच बसलेला.

"स्पीकरवर टाका वहिनी," तो म्हणाला. "मी बी आशीर्वाद देतो पोरीले."

"ताई," रूपालीचा आवाज आला, "काल मी अडकली न. समोरची वाटच देऊन नाही राह्यली. आज काय करू?"

उत्तर एका वाक्याचं होतं. शेवटच्या फेरीची घंटा झाली की बाहेरच्या बाजूला नीघ, दोन पावलं जातील तर जाऊ दे, पुढे मोकळं आहे. वर्षाराणीच्या ते अगदी ओठावर आलं. समोर भिंतीशी पोरींचे बूट ओळीने वाळत होते. देवानंद धमकावत नव्हता की काही नाही, नुसता तिच्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बांधावर धावतं तशीच धाव," ती म्हणाली. "घाई नको करू. वाट भेटते."

"हो ताई!" रूपालीचा जीव भांड्यात पडला होता.

शर्यत वर्षाराणीने उभ्यानेच पाहिली. घंटा झाली. रूपाली आतल्या कडेला, पुढे एक, शेजारी एक. तिचे ओठ हलताना दिसले. दम लागला असेल, असं बघणाऱ्यांना वाटलं असेल. ती काय म्हणत होती ते वर्षाराणीला माहीत होतं.

चौथी आली. "वहिनी, तुमचा शब्द म्हणजे शब्द," देवानंद म्हणाला आणि खांबाला टेकून लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांनी रूपाली सकाळीच बांधावर आली आणि वर्षाराणीच्या पाया पडली. देवानंदने अकराही जणींना नवे बूट आणले होते. दोन महिन्यांनी पुढची स्पर्धा होती, आणि कालच त्याने विचारून ठेवलं होतं, रूपालीचं काय वाटते म्हणून. आता तरी तिला सांगावं, असं वर्षाराणीला फार वाटलं. पण सांगितलं की पोरगी लगेच विचारणार, मग त्या दिवशी काहून नाही सांगतलं?

"तुमी सांगतलं तशीच धावली, ताई," रूपाली बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "पण ते पुढची पोरगी लय खराब होती. तीनदा वाट मांगतली मी. दिलीच नाही तिनं."

वर्षाराणीने तळ्याकडे तोंड फिरवलं.

"हो," ती म्हणाली. "खराबच होती."