आवराआवरचा फोल्डर

आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलीला सगळे लाडानं 'आवराआवर' म्हणतात. मी तिला पाण्यात पाहतो. प्रोग्रामचे छोटे तुकडे, म्हणजे क्लास, मी वर्षानुवर्षं प्रकारवार लावले होते. स्क्रीनचे एका फोल्डरात, हिशेबाचे दुसऱ्यात, छपाईचे तिसऱ्यात. ही आली आणि म्हणाली, "दादा, पावतीत काही बदलायचं म्हटलं की तिन्ही फोल्डर धुंडाळावे लागतात. पावतीचं सगळं एकत्र ठेवूया का?"

साहेब म्हणाले, "वा!" मला त्यांनी कधी नुसतं 'बरं' सुद्धा म्हटलं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला. रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, घास तरी नीट चावा."

तिनं पावतीचं सगळं एकाच फोल्डरात आणलं. म्हटलं, येऊ दे एखादा बदल, मग बघू हिचं आवरणं. आज पावतीतला बदल आला, तोही माझ्याकडेच. चहाच्या आधी संपला. तरी संध्याकाळपर्यंत मी कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत असल्यासारखा बसून राहिलो.

"दादा, सापडत नाहीये का?" तिनं काळजीनं विचारलं.

"बघतोय ना!" मी खेकसलो, आणि तोच एकुलता एक फोल्डर पुन्हा उघडला.