चुड्याखालची कातडी

लग्नात मानीबाईच्या सासूनं तिच्या दोन्ही दंडांत, कोपरापासून खांद्यापर्यंत, पांढऱ्या बांगड्यांचा चुडा भरला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे एक गोष्ट शिकवली. अंघोळ झाली की जुन्या धोतराची चिंधी घ्यायची, एकेका बांगडीखालून ओवायची, बांगडी फिरवायची आणि खालची कातडी कोरडी ठाक करायची.

"चुडा नवऱ्याचा, पन चामडी आपली," सासू म्हणायची.

हा चुडा नवरा गेल्यावरच उतरतो, हे बंजाऱ्यांच्या तांड्यात कोणाला सांगावं लागत नसे.

सासू होती तोवर मानीबाईनं नेम पाळला. पुढे सासू गेली. बाभुळगावजवळच्या त्या तांड्यात कापूस वेचणीच्या दिवसांत अंधारातच घर सोडावं लागे. घाईत चिंधी राहू लागली. घाम आणि साबणाचं पाणी बांगड्यांखाली मुरू लागलं. खाज सुटली. शेजारणीनं मेडिकलमधली एक ट्यूब दिली, ती मानीबाईनं काडीनं आत सारली. दोन दिवस आराम, मग दुप्पट खाज, मग पुन्हा ट्यूब. वर्षभर हेच चाललं. शेवटी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होऊन चिघळली. वास येऊ लागला तेव्हा सून शीलानं सासऱ्याच्या, खेमसिंगच्या कानावर घातलं.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बांगड्यांखाली पाहिलं.

"ही ट्यूब आजपासून बंद. आणि बांगड्या काढायला लागतील, बाई. वारा लागल्याशिवाय हे भरणार नाही. असंच राहिलं तर हात वाचवणं कठीण."

"हात गेला तं जाऊ द्या," मानीबाई म्हणाली. "चुडा नाही उतरवत. माहा मानूस बाहेर बाकड्यावर बसला हाये, जित्ता."

बाकड्यावरच्या माणसानं ते ऐकलं. बसमध्ये तो खिडकीशी धापा टाकत बसला. त्याला दम्याचा त्रास. बोलायला श्वास राखून ठेवावा लागे. घरी आल्यावर त्यानं अंगणात गोणपाट अंथरलं आणि लोखंड कापायच्या करवतीचं पातं घेऊन बसला.

"इकडं ये. हात दे."

"काय करून राह्यले?"

"चुडा कोनाच्या नावाचा?"

"तुमच्या."

"मंग मीच काढतो."

"अभद्र नका बोलू! लोक काय म्हनतीन?"

"मले म्हनतीन ना? म्हनू दे. अन् मी का लगेच चाल्लो? तुह्या हातच्या भाकरी खायच्या हायेत अजून. हातच नसन तं थापशीन कायनं?"

कातडीला पातं लागू नये म्हणून त्यानं बांगडीखाली चमच्याचा दांडा सरकवला. एकेक बांगडी दोन ठिकाणी कापत गेला. मानीबाई तोंड फिरवून बसली होती. तुकडे डब्यात पडायचे, तो आवाज मात्र तिला ऐकावा लागला.

खेमसिंगची थोरली चुलत भावजय थावरीबाई वाटेवरून ओरडली, "नवरा जित्ता अन् दंड भुंडे! पाहा व बाया!"

"वहिनी," खेमसिंग म्हणाला, "चहा पाठव बरं. पिला तं जित्ता समज."

त्या दिवसापासून चिंधी त्याच्या हातात आली. रोज सकाळी पाणी घालायचं, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. चिंधी उकळून कडक उन्हात वाळवायची. मग डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम. जखमा भरल्यावर खोबरेल तेलाचं एक बोट. मानीबाई लाजायची. तो म्हणायचा, "बैलाले न्हाऊ घालतो, तुले नाही का घालू?" होळीपर्यंत दंड भरून आले. ओल्या भुईमुगाच्या दाण्यासारखी फिकी, मऊ कातडी. तरी ती पदर खांद्यावरून खाली ओढूनच बाहेर पडे.

पोळ्याच्या आधी एका दुपारी खेमसिंगला धाप लागली ती उतरलीच नाही.

त्याला अंगणात ठेवलं. बायका जमल्या. चुडा उतरवायचा मान थावरीबाईचा. रीतीच्या सवयीनं तिनं मानीबाईचा पदर बाजूला केला आणि तिचा हात तसाच थांबला. दंडावर उतरवायला काहीच नव्हतं.

"तूच उतरवला व आधी," थावरीबाई म्हणाली. "आता त्याच्यासाठी काय उतरवू?"

मानीबाई तोवर रडली नव्हती. ती उठली, आत गेली आणि डबा घेऊन आली. थावरीबाईपुढे तिनं ते तुकडे ओतले.

"भर," ती म्हणाली. "तुह्या पाया पडतो, बाई. घडीभर भर. चुडा उतरवल्याबिगर नको पाठवू त्यायले."

"याडी, जखम होईन पुन्हा," शीला म्हणाली. याडी, म्हणजे माय, अशीच ती सासूला हाक मारी.

मानीबाईनं हात पुढेच धरून ठेवला. थावरीबाईनं कापसाचं सूत मागवलं. दोन-दोन तुकडे जुळवून ती दंडावर बसवत गेली, सुतानं बांधत गेली. काही निसटले, ते पुन्हा बांधले. खांदेकरी दाराशी ताटकळले, पण कोणी घाई केली नाही. दोन्ही दंड भरले तेव्हा मानीबाईनं खेमसिंगच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मग थावरीबाईनं गाठी सोडायला घेतल्या. बांगडी फोडायला दगड आणला होता, तो तिनं पायानं दूर सारला. शेवटचा तुकडा निघाला. सुताचे वळ उठले होते, त्यांवरून तिनं अंगठा फिरवला.

"चामडी चांगली झाली व तुही," ती हळूच म्हणाली.

"हो," मानीबाई म्हणाली. "त्यायनंच केली."