गाळायचं पांढरं कापड

आम्ही बौद्ध झालो त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. बाभुळगावाकडच्या आमच्या गावात आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, तर गावानं विहिरीवरून आमच्या घागरीत ओतायचं पाणी बंद केलं. राहिली शिवारातली जुनी पायऱ्यांची विहीर. घोटाभर पाण्यात उतरायचं आणि भरायचं. त्या पाण्यात नारू होता.

नारू म्हणजे काय, ते आता नातवंडांना सांगावं लागतं. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर आत वाढतो, मग पायाला फोड येऊन दोऱ्यासारखा बाहेर येतो. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. मधेच तुटला तर पाय सडतो.

मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई दर बाजाराच्या दिवशी जीपनं यायच्या. एकदा त्यांनी घरोघरी जाड पांढरं कापड वाटलं. घागरीच्या तोंडावर दुहेरी बांधा, म्हणाल्या.

माझा बा हात न लावताच म्हणाला, "बाई, आमी आत्ताच एक धर्म सोडला. आता तुमचा घ्याले लावता काय?"

"तुम्हारा धर्म तुम्हारे पास रहने दो, बाबा. पानी छानो, बस!"

सगळे हसले. बानं कापड घेतलं.

पण पांढरं कोरं कापड आमच्या घरात होतं कुठं? वंदनेला पांढरं लागायचं. मायनं ते डोळ्यांना लावलं. "एवढ्या चोख कापडातून कायले गढूळ पाणी गाळा?" असं म्हणून तिनं ते धुऊन बुद्धाच्या तसबिरीखाली अंथरलं. शेजारणींनीही तेच केलं. संध्याकाळी वंदनेला बसलो की अख्खी वस्ती कशी उजळल्यासारखी वाटायची. पाणी मात्र आम्ही तसंच पीत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात मायच्या पोटरीला फोड आला. सिस्टरबाईंनी पट्टी बांधली, काडी कशी फिरवायची ते दाखवलं. "खींचना नहीं, माय. आणि काम पे मत जाना."

माय हसून म्हणाली, "मंग सरकी तुमी टोबता काय, सिस्टरबाई?"

सरकीची पेरणी लागली आणि माय मजुरीला गेलीच. चिखलात काडी अडकली, नारू तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. तिथं सिस्टरबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. माय काही वाचली नाही.

दवाखान्याच्या जीपनंच तिला घरी आणलं. बानं तसबिरीखालचं कापड काढून तिच्यावर पांघरलं. सिस्टरबाईंनी ते ओळखलं. जाताना जीप थांबवून त्या विहिरीपाशी किती तरी वेळ उभ्या होत्या.

मग दवाखान्यानं गवंडी पाठवला, दगड-चुना पाठवला. नारूचा पाय पाण्यात पडू नये म्हणून पायऱ्या बुजवल्या, भोवती कठडा बांधला, वर रहाट बसवला. अंगमेहनत वस्तीनं केली. सगळ्यांत जास्त दगड बानं वाहिले. सिस्टरबाईंनी पुन्हा कापड आणलं, ह्या वेळी पोत्याच्या रंगाचं.

शेजारची म्हातारी म्हणाली, "निळं नाही आणलं ते बेस केलं, बाई. थेबी झेंड्याले गेलं असतं."

सिस्टरबाई हसल्या नाहीत. बाला म्हणाल्या, "अब पानी साफ है, बाबा. पण आधी जे प्यायलं, ते अगले साल निकलेगा."

निघालं. ऐन पेरणीत माझ्या घोट्याला फोड आला. बा मजुरीला गेलाच नाही. रोज माझा पाय मांडीवर घेऊन काडी फिरवायचा, इतकी हळू की कळायचंही नाही. घरात ज्वारीचा दाणा नव्हता. बाहेरून हाका यायच्या, "चाल ना गा, वाफसा चालला, पेरणीची ओल उडून राहिली!"

"जाऊ दे," बा म्हणायचा. मान वर करायचा नाही.

नारू अख्खा निघाला त्या दिवशी बानं तो काडीसकट चुलीत टाकला. मायला मसणात नेलं तेव्हा तो रडला नव्हता. त्या दिवशी चुलीपुढं बसून रडला.